वरील मजकूर वाचून दाखविला

बशीरचाचा कुठलाही कागद खालून वर वाचत. लग्नपत्रिका हातात दिली तरी आधी तळाशी जायचे, निमंत्रक कोण ते बघायचे, मग स्थळ, मग मुहूर्त, असं चढत चढत शेवटी वरच्या गणपतीपाशी पोचायचे. आमची पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्या हातात माझी बारा कडव्यांची कविता दिली होती. त्यांनी चष्मा लावला, नजर थेट पानाच्या तळाशी नेली, तिथलं माझं नाव, नावापुढची पदवी आणि त्याखालचं 'सेवानिवृत्त विस्तार अधिकारी' सावकाश वाचलं आणि म्हणाले, "साहेब, खाली तुम्ही हाय, हे कळलं. आता वर कोण हाय ते बघतो." मग वर गेले. बराच वेळ तिथं राहिले. शेवटी कागदाची नीट घडी घालून माझ्या हातात दिली.

"वर बी तुम्हीच हाय," म्हणाले.

ही सवय त्यांना धंद्यानं लावली होती. चाचा अर्जनवीस. ज्यांना लिहिता येत नाही, किंवा लिहिता येतं पण सरकारी कागद बघून हात कापतो, अशांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं त्यांनी चाळीस वर्षं लिहिली. रोज सकाळी ईटहून एसटीनं भूमला जायचं, तहसीलबाहेरच्या लिंबाखाली पत्र्याची पेटी उघडायची, पेटीचंच टेबल करायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. कागदाच्या तळाशी सही-अंगठा नसेल तर वरचा सगळा मजकूर फुकट, हे डोळ्यांत इतकं मुरलं होतं की पेटी बंद करून दहा वर्षं झाली तरी नजर आधी तिथंच जायची.

आता माझ्याविषयी. (चाचा इथं म्हणाले असते, "आला का परत तुम्हीच?") मी पंचायत समितीतून निवृत्त झालो, ईटला घर बांधलं आणि आत्मचरित्र लिहिलं. 'काट्यांतून उगवलेला मी' हे त्याचं नाव. पानं तीनशे बारा. त्यातल्या काट्यांबद्दल आमच्या सौभाग्यवती कुसुम यांना शंका होती, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे नोकरीभर मला साधी धुळीची ॲलर्जीसुद्धा झाली नव्हती. पण लेखकाला घरातून दाद मिळत नसते, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

त्याच सुमारास गावच्या वाचनालयानं मोठ्या माणसांसाठी लेखनवर्ग सुरू केला. दर रविवारी दुपारी, वाचनालयाच्या वरच्या पत्र्याच्या खोलीत. गावातल्या माणसांनी आपलं आपण लिहायचं, एकमेकांत सुधारायचं आणि वर्षाअखेरीला त्याचं पुस्तक काढायचं, असा बेत होता. शिकवायला जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक प्राध्यापक येणार होते. मला बोलावणं आलं ते विद्यार्थी म्हणून, पण मी ते 'नमुना म्हणून' असं समजून घेतलं. पहिल्या रविवारी तीनशे बारा पानं पिशवीत घालून निघालो तर कुसुम म्हणाली, "अहो, सगळंच नेताय? दोन-चार पानं राहू द्या घरी, भाजी निवडायला कागद लागतो."

प्राध्यापक दोन रविवार आले. साहित्याचं प्रयोजन या विषयावर बोलले आणि तिसऱ्या रविवारी उत्तरपत्रिका तपासायला बसल्याचा निरोप आला. खोलीत आम्ही नऊजण होतो. आता पुढं काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. अशा वेळी पुढाकार घ्यायची मला नोकरीपासून सवय. मी उठलो, घसा साफ केला, फळ्यावर लिहायच्या पेनचं टोपण काढलं. तेवढ्यात मागं काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं. आमच्या अंगणवाडीच्या सेविका लताबाई आपली वही कोपऱ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्यापुढं धरून विचारत होत्या, "बघा की चाचा, हे असं बरं वाटतं का?"

चाचा वर्गात आलेले नव्हतेच. ते खाली पेपर वाचायला आले होते आणि खालचा पंखा बंद होता म्हणून वर येऊन बसले होते. त्यांनी वही घेतली, तळापासून वाचली आणि लताबाईंना तीन प्रश्न विचारले. "काय झालं? कवा झालं? तिथं कोण कोण व्हतं?" लताबाई सांगू लागल्या. बाकीचे खुर्च्या वळवून ऐकू लागले. पाच मिनिटांत सगळ्या खुर्च्यांची तोंडं कोपऱ्याकडं आणि पाठी माझ्याकडं झाल्या. मी पेनचं टोपण लावलं आणि माझीही खुर्ची वळवली.

चाचा शिकवत नसत. फक्त हे तीन प्रश्न विचारत, जसे लिंबाखाली बसून विचारत आले होते. अर्जदार येऊन रडू लागला तरी ते आधी रडू द्यायचे आणि मग हेच विचारायचे. "कागदावर रडायचं न्हाय," ते सांगत. "रडणं पुढच्याला दिसत न्हाय. काय झालं ते दिसतं. ते दिसलं की रडायचं का न्हाय, ते त्याचं त्यो बघील." 

माझ्या पहिल्या प्रकरणाची सुरुवात अशी होती: 'नियतीच्या त्या भीषण वादळात माझी जीवननौका दिशाहीन होऊन हेलकावे खात होती.' हे मी वर्गात उभं राहून, आवाजात योग्य तो कंप आणून वाचलं. 

चाचांनी विचारलं, "साहेब, काय झालं व्हतं?" 

"बदली झाली होती," मी म्हणालो. 

"कुठं?" 

"परंड्याला." 

"मग परंड्याला बदली झाली म्हणून लिव्हा की. परंड्याला नौका कशापायी न्यायची?" 

सगळा वर्ग हसला. मी रागावून दोन रविवार गेलो नाही. तिसऱ्या रविवारी गेलो तेव्हा माझी अनुपस्थिती कुणाच्या लक्षात आली नव्हती.

वर्गाचा मुख्य नियमही चाचांनी पेटीतूनच आणला. प्रतिज्ञापत्राच्या शेवटी एक वाक्य असतं: 'वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' त्याखाली सही किंवा अंगठा. चाचांचं म्हणणं असं, की अर्जाला जे लागतं ते पुस्तकाला का लागू नये. तुम्ही ज्या माणसाबद्दल लिहिलंय त्याच्यापुढं बसून ते वाचायचं. बरोबर असेल तर त्यानं खाली सही करायची. सही नसेल तर मजकूर पुस्तकात नाही. मी ताबडतोब हरकत घेतली की अशानं साहित्याचं स्वातंत्र्य धोक्यात येईल आणि शिवाय मेलेल्या माणसांचं काय. चाचांनी पहिल्या मुद्द्याला उत्तर दिलं नाही. दुसऱ्याला दिलं. "मेलेल्याचं जवळचं जे कोण असंल, त्याला वाचून दावा."

लताबाईंनी सासूबद्दल लिहिलं होतं. नव्यानं लग्न होऊन आल्या तेव्हा सासू धान्याच्या कोठीची किल्ली कमरेला लावून शेतात जायची आणि दिवसभर घरात दाणा मिळायचा नाही, असं सगळं. आता हे सासूपुढं वाचायचं म्हणजे घर मोडायची वेळ. लताबाई पंधरा दिवस टाळत राहिल्या. शेवटी एका सकाळी सासूला उन्हाला बसवून, स्वतः दाराजवळ बसून, एका दमात वाचून टाकलं. म्हातारी शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, "खरं हाय. पर कोठीत बी काय न्हवतं. ते तुला कळू ने म्हणून कुलूप व्हतं." लताबाईंनी ते वाक्य जसंच्या तसं खाली लिहिलं आणि त्यावर म्हातारीचा अंगठा घेतला. रविवारी वर्गात वाचलं तेव्हा मी ते वाक्य त्यांना पुन्हा वाचायला लावलं. आणि लगेच मनात आलं की माझ्या तीनशे बारा पानांत असं एकही वाक्य नाही.

नव्हतंच. उलट एक भलतंच होतं, आणि ते तिसऱ्या प्रकरणात होतं.

तिसऱ्या प्रकरणाचं नाव 'लेखक जन्माला आला'. मी सातवीत असताना शाळेत निबंध लिहायला सांगितला होता, 'माझ्या घरचा व्यवसाय'. आमची खव्याची भट्टी. माझा निबंध गुरुजींना इतका आवडला की त्यांनी तो तालुक्याला पाठवला, तिथं पहिला आला, आणि गुरुजी स्वतः आमच्या घरी येऊन वडिलांना म्हणाले, "या पोराला शिकवा, याला भट्टीवर बसवू नका." त्या एका निबंधामुळं मी भूमच्या वसतिगृहात गेलो, पुढं शिकलो, साहेब झालो. हे सगळं खरं आहे. फक्त तो निबंध माझा नव्हता. तो माझ्या थोरल्या भावानं लिहिला होता.

दत्तूदादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. वर्गात पहिला असायचा. वडिलांचा उजवा हात कढईत भाजला आणि दूध हलवायला माणूस पाहिजे म्हणून सातवीनंतर त्याला शाळेतून काढलं. मला चार ओळींपुढं काही सुचत नव्हतं म्हणून मी भट्टीवर जाऊन त्याच्यापुढं रडलो. त्यानं दुपारी कढई उतरवल्यावर मला निबंध सांगितला, मी लिहून घेतला. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: 'दूध आधी खूप बोलते, मग हळूहळू कमी बोलते, गप्प झाले की समजावे खवा झाला.' पन्नास वर्षं ही गोष्ट आम्ही दोघं सोडून कुणालाच ठाऊक नव्हती. आणि दादानं तिचा कधी उच्चार केला नाही, त्यामुळं ती त्याच्या लक्षात नसेल असं मी ठरवून टाकलं होतं. आत्मचरित्रात तर मी ते वाक्य मला बालपणी सुचलं कसं, यावर दीड पान खर्च केलं होतं.

वर्गानं पुस्तकासाठी माझं नेमकं तेच प्रकरण निवडलं. त्यात भट्टीवरचा दादा होताच, तेव्हा आता त्याच्यापुढं जाऊन ते वाचणं आलं. मी काय केलं ते सांगतो. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसालाच ते सुचू शकतं. मी घरी टेबलाशी बसलो, पानाच्या तळाशी 'वरील मजकूर मला वाचून दाखविला' हे वाक्य लिहिलं आणि खाली दादाची सही ठोकली. नोकरीत मी कित्येक पंचनामे असेच खुर्चीवर बसून केले होते. पाच पंच बांधावर उभे आहेत असं लिहायचं, सह्या आधी गोळा करायच्या, बांध नंतर सवडीनं बघायचा. हा एक आणखी पंचनामा, असं मी स्वतःला सांगितलं आणि चहा प्यायलो.

रविवारी चाचांनी माझं पान तळापासून वाचलं आणि तळाशीच थांबले. पान नाकाजवळ नेलं, वास घेतला. मग पुढच्याची वही मागितली. वर्ग संपल्यावर जिन्यातून उतरताना मात्र माझ्या दंडाला धरून हळू म्हणाले, "सही झोकदार हाय. दत्तूनं कुठं केली?"

"भट्टीवर," मी म्हणालो.

"दत्तूचे धा-बारा कागद केलेत म्या," चाचा म्हणाले. "एकावर बी तुपाचं बोट न्हाय असं झालं न्हाय. हे तर लई चकोट पान हाय."

आत्मचरित्रात मी 'मी कधीही खोटं बोललो नाही' असं अकरा ठिकाणी लिहिलं होतं. त्या जिन्यात अकरापैकी एकही ठिकाण कामाला आलं नाही.

"उद्या दुपारच्याला येतो," चाचा म्हणाले. "दोघं मिळून भट्टीवर जाऊ. तुम्ही वाचा, मी साक्षीला बसतो."

दुसऱ्या दिवशी ते खरंच आले. वाटेत मी त्यांना म्हणालो की चाचा, एवढं काय आहे त्यात, एक निबंध तर होता. मग त्यांनी मला त्यांची एक गोष्ट सांगितली. नवीन असताना एक म्हातारी बाई रान मुलींच्या नावावर करायला आली होती. तिला दोन मुली. सोबत थोरला जावई होता, मजकूर तोच सांगत होता. संध्याकाळची शेवटची गाडी सुटायला आली होती, म्हणून चाचांनी तिला न वाचून दाखवताच अंगठा घेतला. कागदावर एकाच मुलीचं नाव होतं. "धाकटी पुढं सहा म्हयन्यांनी माझ्यापाशी आली," चाचा म्हणाले. "भांडली न्हाय. नुसतं इचारलं, चाचा, आईनं माझं नाव खरंच घेतलं न्हवतं का? मला काय ठावं? म्या इचारलंच न्हवतं. गाडी मिळाली व्हती मला."

दादा भट्टीपुढं उभा होता. कढईत दूध अर्धं आटलं होतं आणि तो लांब दांड्याच्या उलथन्यानं ते तळापासून हलवत होता. हलवणं थांबलं की दूध लागतं, त्यामुळं भट्टीवर आलेल्या माणसाशी तो कधी तोंड वळवून बोलत नाही, पाठ करूनच बोलतो. चाचा एका उपड्या कॅनवर बसले आणि म्हणाले, "दत्तू, परल्हाद साहेबांनी तुझ्यावर लिव्हलंय. आईक."

मी वाचू लागलो. तिसऱ्या प्रकरणाची नऊ पानं होती. निबंधाचं पान आलं तेव्हा मी दोन पानं एकदम उलटली. "पाचानंतर आठ आलं साहेब," चाचा म्हणाले. चाचा पानांचे आकडेही खालून मोजत असावेत. मी मागं गेलो आणि वाचलं. मध्यरात्रीपर्यंत जागून मी तो निबंध कसा लिहिला ते वाचलं. ते वाक्य मला कसं सुचलं ते दीड पान वाचलं. दादाची पाठ तशीच हलत होती. वाचून झालं.

चाचांनी विचारलं, "दत्तू, बरोबर हाय का?"

दादानं कढईच्या कडेचं दूध खरवडून मध्ये आणलं. मग म्हणाला, "न्हाय." उलथन्याचा आणखी एक फेरा घेऊन म्हणाला, "समदंच काय खोटं न्हाय. शेवटली ओळ त्याची हाय."

ती ओळ मला आठवत होती. दादाचं सांगून संपलं होतं, पण वहीत थोडी जागा उरली होती म्हणून मी माझ्या मनानं लिहिलं होतं, 'अशा प्रकारे आमचा व्यवसाय मला फार फार आवडतो.' माझ्या साहित्यिक जीवनाचा पाया तो एवढाच. आणि तेवढासुद्धा माझ्या नावावर राहावा म्हणून दादानं तो पन्नास वर्षं लक्षात ठेवला होता.

मला इतकी लाज वाटली की मी सरळ विचारून टाकलं. "गुरुजी घरी आले तेव्हा तू कुठं होतास, दादा?"

"हितंच व्हतो. हिथूनच ऐकलं. ह्या पोराला शिकवा म्हणत व्हते."

"मग बोलला का नाहीस? निबंध माझा आहे म्हणून?"

दादा म्हणाला, "दूध लागलं असतं."

त्यानं पहिल्यांदा तोंड वळवून माझ्याकडं बघितलं. रागावलेला नव्हता. मी रडू लागलो. कागदावर रडायचं नाही असा नियम होता, भट्टीवर रडायचं की नाही याबद्दल चाचांनी काही सांगितलं नव्हतं. ते कॅनवर बसून राहिले. खवा झाल्यावर दादानं कढई उतरवली, हात पुसले आणि आम्हा दोघांना वाटीत गरम खवा दिला. त्या दिवशी त्यानं सही केली नाही.

घरी येऊन मी ते प्रकरण पुन्हा लिहिलं. या वेळी जे झालं तेवढंच लिहिलं, तर ते चार पानांत संपलं. नंतर बाकीच्या प्रकरणांनाही तेच तीन प्रश्न विचारून बघितले. तीनशे बारा पानांतलं त्या चार पानांखेरीज फारसं काही शिल्लक राहिलं नाही. उरलेली पानं मी कुसुमकडं सुपूर्द केली. तिनं वर्षभर त्यावर मेथी निवडली. चार पानं मात्र तिनं दोनदा वाचली आणि दादाच्या घरी पुरणपोळ्या घेऊन गेली. पुढच्या सोमवारी मी ती पानं भट्टीवर वाचून दाखवली आणि दादानं खाली सही केली, तुपाच्या बोटासकट. पुस्तकात सह्यांची चित्रं छापली आहेत. छापखानेवाल्यानं विचारलं होतं की हा डाग काढून टाकू का. चाचांनी सांगितलं, "सही काढली तरी चालंल. डाग ठिवा."

पुढं वर्ष-दीड वर्ष वर्ग चालला. चाचांच्या घरी मी वेळी-अवेळी कागद घेऊन जाऊ लागलो. गुरुवारी तेवढे ते भेटायचे नाहीत. दर गुरुवारी दुपारी टोपी घालून कुठंतरी निघालेले असायचे. "आज माझी तारीख असती," एवढंच म्हणायचे. मला वाटायचं, दर्ग्यावर जात असतील. अशा बाबतीत विचारू नये, म्हणून मी कधी विचारलं नाही.

वर्गाचं दुसरं पुस्तक छापखान्यात असताना चाचा गेले. फार दिवस आजारी नव्हते. शेवटच्या आठवड्यात मी छपाईची कच्ची पानं घेऊन गेलो होतो. पडल्या पडल्या त्यांनी तळापासून बघितली आणि सगळ्या सह्या असल्याची खात्री करून पानं परत दिली. वर काय आहे ते बघायचं त्राण नव्हतं. कब्रस्तानातून परत येताना माझ्या खिशात मी लिहिलेला शोकसंदेश होता, पण कुणी बोलायला सांगितलं नाही. तो मी रविवारी वर्गात वाचला. 'एक तेजोमय दीप मालवला' अशी सुरुवात होती. वाचून झाल्यावर लताबाईंनी वहीतून मान वर न करता हळूच विचारलं, "काय झालं? कधी झालं? कोण होतं तिथं?"

म्हणून मग हे लिहिलं. लिहून झाल्यावर नियमाप्रमाणे मेलेल्याचं जवळचं माणूस म्हणून हमीदाचाचींना वाचून दाखवायला गेलो. त्यांनी पदर डोक्यावर घेऊन सगळं ऐकलं. दोन ठिकाणी हसल्या, एका ठिकाणी थांबा म्हणाल्या. 'चाचा कधीही कुणावर रागावले नाहीत' असं मी लिहिलं होतं. "हे काढा," चाची म्हणाल्या. "हितं घरी येऊन तुमच्यावर लई रागवायचे. दोन घास बी जेवत न्हवते. ह्या माणसाला कवा समजंल, म्हणायचे." ते वाक्य मी काढलं. मग चाचींनी उजवीकडून डावीकडं, उर्दूत, सावकाश आपलं नाव लिहिलं.

साक्षीदार म्हणून दादाची सही पाहिजे होती. काल भट्टीवर गेलो. दादाला वाचून दाखवावं लागत नाही. कढई उतरवून तो स्वतःच वाचत बसला. शेवटी मी लिहिलं होतं, 'चाचा देहाने गेले, परंतु विचारांच्या रूपाने ते चिरंतन आपल्यात राहतील.' दादानं विचारलं, "ही वळ तुझीच हाय न्हवं?" मी हो म्हणालो. त्यानं माझ्या हातातला पेन मागून घेतला आणि ती खोडली. मग तिथंच खाली लिहून सही केली. शेवटची ओळ या वेळी त्याची आहे, ती तशीच ठेवतो:

'चाचा दर गुरुवारी माझ्याकडे भट्टीवर येत होते, हे प्रल्हादला माहीत नाही. माझी वही आता भरत आली आहे, तिच्यात प्रल्हाद बराच आहे, तरी त्याने एकदा सवडीने येऊन ऐकावे आणि बरोबर असल्यास सही करावी.'